वजन किती, यापेक्षा वजन कुठे?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडतील. शिकारीची रायफल कशी निवडावी, ती हलकी असावी की जड, आणि तिचा तोल कसा बघावा, याबद्दल मी बोलणार आहे. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीची उरलीसुरली दारंही बंद झाली. ते योग्यच झालं. तेव्हा हे ऐकून इथे कुणी खांद्यावर बंदूक टाकून रानात निघावं, असा माझा मुळीच हेतू नाही.

पण मी गेली अनेक वर्षं राहतो न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चजवळ. तिथली गोष्ट वेगळी आहे. त्या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं नव्हती, शेळ्या नव्हत्या, डुकरं नव्हती. जे आहे ते माणसाने आणलेलं. लाल हरणं १८५१ साली इंग्लंडहून आली. १९०४ मध्ये आपल्या हिमालयातला थार तिथल्या डोंगरांत सोडला गेला. १९०७ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने भेट म्हणून शामवा पाठवला. या जनावरांना तिथे ना वाघ, ना बिबट्या, ना लांडगा. ती भराभर वाढली आणि हजारो वर्षं सस्तन प्राण्यांनी न कुरतडलेलं तिथलं जंगल कुरतडू लागली. १९३० च्या दशकापासून सरकारनेच पगारी शिकारी नेमून हरणं मारायला सुरुवात केली. आजही सरकारी रानात परवाना घेऊन शिकार करता येते आणि मारलेल्या हरणाचं मांस घरोघरी शिजतं. गंमत बघा, जो थार हिमालयात मारणं आपल्या कायद्याने गंभीर गुन्हा आहे, तोच तिथे जास्त झाला म्हणून मारावा लागतो.

बंदुकीबद्दल तिथे कुणी हसतखेळत बोलत नाही, हेही सांगितलं पाहिजे. १५ मार्च २०१९ रोजी आमच्याच शहरातल्या दोन मशिदींवर हल्ला झाला आणि ५१ माणसं गेली. त्यानंतर महिन्याभरातच बहुतेक सगळ्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी आली. शिकारीसाठी उरली ती मुख्यतः हाताने खिट्टी मागेपुढे करून एकेक काडतूस भरायची साधी रायफल. ती घ्यायलाही परवाना लागतो, चौकशी होते, सुरक्षेचे नियम शिकावे लागतात. मी बोलणार आहे ते अशाच रायफलीबद्दल.

मी मूळचा कोकणातला. आजोबांकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं आली की ते हवेत बार काढत. जनावरावर नेम धरलेला मी त्यांना फार कमी वेळा पाहिला. ते म्हणत, "बार काढायचा तर जनावर जागेवर पडलं पाहिजे रे. जखमी करून सोडलंस, तर ते पाप तुझं." लहानपणी हे वाक्य कानावरून गेलं. त्याचा अर्थ मला कळला तो पन्नाशीत, आणि तोही फार वाईट पद्धतीने.

आमचे शेजारी एक वृद्ध मेंढपाळ. सगळा जन्म डोंगरात गेलेला. त्यांनी मला पहिल्यांदा शिकारीला नेलं, तेव्हा मी एका मित्राची रायफल मागून घेतली होती. लांब नळी, अक्रोडाच्या लाकडाचा भक्कम दस्ता, वर हातभर दुर्बीण, पुढे टेकू द्यायला घडीचे दोन पाय. वजन साडेपाच किलोच्या वर. घरी उचलून बघितली तेव्हा काही वाटलं नाही. पाच किलो म्हणजे काय, तांदळाची एक पिशवी! पण तीच पिशवी घेऊन ओल्या दगडांवरून, झाडांच्या मुळ्यांवरून हजार मीटर चढून बघा. चार तासांनी खांदा सोलून निघाला. समोरच्या उतारावर हरीण दिसलं तेव्हा माझे हात लटलट कापत होते. दुर्बिणीतून बघितलं तर ते हरीण झोपाळ्यावर बसल्यासारखं वरखाली होत होतं. मी बार काढला नाही. शेजारी म्हणाले, "बरं केलंस."

पण मी त्यातून काढलेला धडा चुकीचा होता. मला वाटलं, सगळा दोष वजनाचा. तेव्हा सगळ्यात हलकी रायफल घ्यायची. दुकानात गेलो आणि यादीत वजनाचा रकाना तेवढा वाचला. नुसती रायफल सव्वादोन किलोच्या आत! पेन्सिलीसारखी बारीक नळी, कार्बन तंतूंचा दस्ता. हातात घेतली तर खेळण्यासारखी. वर काडतूस निवडलं ते मोठं, मॅग्नम जातीचं, म्हणजे लांबवर मारता येईल. दुर्बीण वगैरे धरून सगळं मिळून पावणेतीन किलो. मी खूष.

मैदानावर पहिला बार काढला आणि दुर्बिणीची कड भुवईवर आपटली. रक्त आलं. दुसऱ्या बाराला मी तयार होतो, आणि तिथेच खरा घोटाळा झाला. मी धक्क्यासाठी तयार होतो. चाप ओढायच्या क्षणी डोळे आपोआप मिटत होते आणि खांदा पुढे जात होता. ते मला कळलं नाही. वाटलं, सवय होईल.

महिन्याभराने लुईस पासच्या बाजूला एका दरीत आम्ही गेलो. चढायला काही त्रास झाला नाही, हलक्या रायफलीचं मी मनातल्या मनात कौतुक करत होतो. दीडशे मीटरवर, ओढ्याच्या पलीकडे एक हरिणी उभी होती. मी उभ्यानेच नेम धरला. रायफल हलकी, त्यामुळे छातीचा प्रत्येक ठोका, प्रत्येक श्वास तिच्या टोकावर दिसत होता. चाप ओढला, डोळे मिटले. उघडले तेव्हा हरिणी मागच्या पायावर कोसळून परत उठत होती. आणि ती झाडीत गेली.

अंधार पडेपर्यंत आम्ही रक्ताचे थेंब शोधत फिरलो. रात्री झोपडीत मला झोप लागली नाही. सकाळी ती सापडली, ओढ्याकाठी, जिवंत. शेजाऱ्यांनी पुढे होऊन तिला सोडवलं. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. परतताना गाडीत मात्र एवढंच म्हणाले, "उद्या बंदूक घेऊन माझ्या शेडमध्ये ये."

आता त्या शेडमध्ये मी काय शिकलो, ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे वजन कशाचं मोजायचं? दुकानातल्या यादीत असतं ते नुसत्या रायफलीचं वजन. डोंगरात आपण नेतो ती पूर्ण तयार रायफल. तिच्यावर दुर्बीण असते, दुर्बीण बसवायच्या कड्या असतात, पट्टा असतो, काडतुसं असतात, आणि न्यूझीलंडमध्ये बहुतेकांच्या नळीच्या टोकाला आवाज कमी करणारं नळकांडं असतं. तिथे ते कायदेशीर आहे आणि कानांसाठी चांगलंही. या सगळ्याचं मिळून सहज एक ते दोन किलो होतं. शेजाऱ्यांनी लोकर तोलायचा काटा काढला आणि एकेक वस्तू वेगळी तोलून पाटीवर खडूने लिहिली. माझ्या पहिल्या जड बंदुकीत दुर्बीणच पाऊण किलोची होती. म्हणजे वजन उतरवायची सगळ्यात सोपी जागा बंदूक नव्हतीच, तिच्यावर बसलेला डोलारा होता.

दुसरी गोष्ट धक्क्याची. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम इथे खांद्यावर येऊन बसतो. गोळी आणि जळत्या दारूचा वायू जेवढ्या जोमाने पुढे जातो, तेवढ्याच जोमाने बंदूक मागे येते. काडतूस तेच ठेवून बंदुकीचं वजन निम्मं केलं, तर तिचा मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि खांद्यावर आदळणारी ऊर्जाही दुप्पट होते. मी पेशाने यंत्र अभियंता, पण हा हिशेब खरेदीच्या वेळी मला सुचला नव्हता. शेडमध्ये बसून मांडला. माझं मॅग्नम काडतूस: जवळजवळ १२ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ९०० मीटर वेग, साडेचार ग्रॅम दारू. पावणेतीन किलोच्या बंदुकीला त्याचा धक्का ढोबळमानाने ४५ ज्यूल. तेच ९ ग्रॅमची गोळी ८५० मीटर वेगाने टाकणारं मध्यम काडतूस चार किलोच्या बंदुकीतून उडवलं, तर धक्का सुमारे १६ ज्यूल. म्हणजे तिप्पट फरक! हरणासाठी ते मध्यम काडतूस पुरेसं असतं. मी तिप्पट मार स्वतःलाच खाऊन घेत होतो, आणि त्या माराच्या भीतीने माझा नेम चुकत होता. ती हरिणी त्या भीतीने जखमी झाली.

आता तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तोल. शेजाऱ्यांनी शेडच्या तुळईवरून एक दोरी सोडली, तिचा फास केला आणि माझी रायफल त्यात अडकवून मागेपुढे सरकवत बसले. जिथे ती आडवी स्थिर राहिली, तिथे खडूची खूण केली. हा तिचा गुरुत्वमध्य. मग म्हणाले, "आता खांद्याला लाव आणि तुझे दोन हात कुठे येतात बघ." उजवा हात चापापाशी, डावा पुढे. खूण दोन्ही हातांच्या मध्ये यायला हवी, साधारण काडतुसांच्या पेटीच्या थोडी पुढे. माझी खूण डाव्या हाताच्याही पुढे जात होती. कारण दस्ता कार्बनचा, पिसासारखा हलका, आणि टोकाला नळकांडं. कावडीच्या एका बाजूचा हंडा रिकामा आणि दुसरा भरलेला, अशी तिची अवस्था.

कावडीचं उदाहरण मी मुद्दाम दिलं. आमच्याकडे विहिरीवरून कावडीने पाणी आणणारा गडी दोन भरलेले हंडे घेऊन तुरुतुरु चालत असे. त्यालाच एक हंडा हातात धरून चालायला सांगितलं की तो वाकायचा. वजन निम्मं, पण त्रास जास्त. बंदुकीचंही तसंच आहे. तोल बरोबर असलेली चार किलोची रायफल, तोल बिघडलेल्या तीन किलोच्या रायफलीपेक्षा हाताला हलकी लागते. हिशेबच करायचा तर असा करा. तीन किलोच्या रायफलीचा तोल ज्या जागी आहे, तिथून ६० सेंटिमीटर पुढे ४०० ग्रॅमचं नळकांडं लावलं, तर तोलाची जागा ७ सेंटिमीटर पुढे सरकते. ४०० ग्रॅम म्हणजे फार नव्हे. पण सात सेंटिमीटर म्हणजे हाताची चार बोटं, आणि तेवढ्याने बंदूक सबंध बदलते.

याच्याच जोडीला आणखी एक बाब आहे. घरातलं मुसळ मधोमध धरून मनगटाने फिरवून बघा, सहज फिरतं. टोकाला धरून फिरवा, मनगट दुखतं. मुसळ तेच, वजन तेच. वजन हाताजवळ असलं की वस्तू चपळ होते, दूर असलं की सुस्त. बंदुकीचं वजन मधे एकवटलेलं असेल तर ती चटकन खांद्याला येते. पण अगदीच सगळं मधे असेल तर टोक डुलत राहतं, श्वासाबरोबर हलतं. पुढे थोडं वजन असेल तर टोक शांत राहतं. म्हणून जाणते लोक तोल किंचित पुढे ठेवतात. किंचितच. दाट झाडीत चटकन नेम धरावा लागत असेल तर आणखी कमी, उघड्या डोंगरावर दमाने, टेकून नेम धरायचा असेल तर थोडा जास्त.

ही तीन सूत्रं हाती आली की मग एकेका भागाचा विचार करता येतो.

नळीपासून सुरू करू. नळी कापून आखूड केली की बंदूक खूप हलकी होते, असा समज आहे. तसं नसतं. टोकाशी पंधरा मिलिमीटर जाडीची नळी पाच सेंटिमीटर कापली तर पोलाद निघतं जेमतेम ५० ग्रॅम. पण ते ५० ग्रॅम सगळ्यात टोकाचे असतात, आणि नळकांडंही तेवढंच मागे येतं, म्हणून तोलात फरक पडतो. बदल्यात गोळीचा वेग थोडा घटतो, दर इंचाला सेकंदाला सहा ते नऊ मीटर धरा. दोनशे मीटरच्या आतल्या शिकारीत त्याने काही बिघडत नाही. नळी फार बारीक असेल तर मात्र तीनचार बारांत तापते आणि गोळी जागा सोडू लागते. शिकारीत महत्त्वाचा असतो तो थंड नळीतून निघालेला पहिला बार, हे खरं. पण सराव करताना नळी थंड होऊ द्यायचा धीर हवा, नाहीतर आपण दुर्बीण उगीचच फिरवत बसतो.

दस्ता लाकडाचा असेल तर साधारण किलोभर, कार्बनचा असेल तर त्याच्या निम्म्याला जरा जास्त. तीनचारशे ग्रॅम वाचतात, पण मागचे वाचतात. तेव्हा मागे वजन कमी केलं तर पुढेही कमी केलं पाहिजे, नाहीतर कावड कलंडली. लाकूड पावसात फुगतं आणि नळीला टेकून नेम बिघडवतं, म्हणून तिथल्या ओल्या रानात कृत्रिम दस्ते लोकप्रिय झाले. आणि दस्त्याची लांबी! हे आपल्यासारख्यांनी नीट ऐकावं. तिथल्या बंदुका सहा फुटी माणसांसाठी बनतात. माझी उंची साडेपाच फूट. लांब दस्ता जाड जाकिटावर खांद्याला लावला की डोळा दुर्बिणीच्या मागे नीट येत नाही, मान ताणली जाते. मी दस्ता दोन सेंटिमीटर कापून घेतला. खर्च नगण्य, पण फरक एवढा की जणू नवी बंदूक घेतली.

दुर्बिणीचा मोह सगळ्यात मोठा. मोठी काच, वीसपट, पंचवीसपट. अशी दुर्बीण पाऊण किलोपर्यंत जाते, आणि ते वजन बंदुकीच्या माथ्यावर बसतं. त्याने बंदूक कुशीवर कलंडू बघते, डोक्यावर हंडा तिरका ठेवल्यासारखी. तीन ते नऊपट मोठं दाखवणारी, चाळीस मिलिमीटर काचेची साधी दुर्बीण साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असते. हरणाच्या शिकारीला ती पुरते. ती नळीला न टेकता जितकी खाली बसवता येईल तितकी बसवावी, म्हणजे गाल दस्त्यावरून न उचलता डोळा समोर येतो. आणि डोळ्यापासून अंतर पुरेसं ठेवावं. माझ्या भुवईवरची खूण साक्षीला आहे.

नळकांड्याबद्दल सांगायचं तर ते आवाज कमी करतं आणि वायू अडवून धक्काही कमी करतं. तेव्हा ते काढून टाकून वजन वाचवण्यात शहाणपण नाही. त्यापेक्षा हलकं, आखूड घ्यावं आणि त्यासाठी नळी आधीच आखूड निवडावी. पुढच्या दोन पायांचा टेकू मात्र मी काढला. त्याचे चारशे ग्रॅम नळीखाली लोंबकळत असत. पाठीवरची पिशवी खाली ठेवून तिच्यावर बंदूक टेकवली की तोच उपयोग होतो, आणि पिशवी तर आपण नेतोच.

चाप हा भाग वजनात मोजत नाहीत, पण त्याचा वजनाशी संबंध आहे. चाप ओढायला अडीच किलोचा जोर लागत असेल आणि बंदूकच अडीच किलोची असेल, तर बोटाच्या ओढीनेच बंदूक हलते. हलक्या बंदुकीला चाप हलका आणि स्वच्छ लागतो, किलो-सव्वा किलोच्या आसपास. त्याहून फार हलका करणं धोक्याचं. थंडीने बधिर झालेल्या बोटाला काही कळत नाही.

हलक्या बंदुकीचं महत्त्व किती, याची एक गोष्ट आपल्या देशातली आहे. जिम कॉर्बेट सगळ्यांना माहीत आहे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्यांना रिग्बी कंपनीची एक हलकी रायफल भेट मिळाली होती. त्यांच्याकडे जड दुनळी रायफलही होती. १९३० च्या एप्रिलमध्ये चौगढच्या नरभक्षक वाघिणीच्या मागावर असताना त्यांच्या हातात हलकी रायफल होती आणि डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी, कारण त्यांना अंडी जमवायचा छंद. एका खडकाला वळसा घातला आणि मान वळवून बघतात तो आठ फुटांवर वाघीण. झटका दिला असता तर ती झेपावली असती. त्यांनी एकाच हाताने, अगदी सावकाश, रायफल छातीवरून फिरवत वाघिणीकडे नेली आणि बार काढला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की रायफल हलकी नसती तर ती एका हाताने फिरवणं आणि हात लांब करून झाडणं जमलंच नसतं. पण यातही बघा, नुसतं हलकेपण नाही. एका हाताने सावकाश फिरवताना जी कुठेच अडखळत नाही, ती बंदूक तोलाची असते, आणि ती हाताळणाऱ्याला तिची वर्षानुवर्षांची ओळख असते.

आता माझी रायफल. ती अतिहलकी विकून टाकली. घेणाऱ्याला धक्क्याचं सगळं सांगितलं. नवी घेतली ती फिनलंडमध्ये बनलेली, नुसती असताना २.९ किलोची. काडतूस ७ मिलिमीटरचं, मध्यम ताकदीचं. दुर्बीण ३७० ग्रॅम, कड्या १०० ग्रॅम, नळकांडं ३५० ग्रॅम, पट्टा आणि चार काडतुसं मिळून दोनशेच्या आत. एकूण ३.९ किलो. म्हणजे पहिल्या धोंड्यापेक्षा पावणेदोन किलोने हलकी आणि दुसऱ्या पिसापेक्षा किलोभराहून जरा जास्त जड. दोरीला टांगली तर खूण दोन हातांच्या मधोमध, बोटभर पुढे. शेजाऱ्यांनी खूण बघितली, मान हलवली आणि शेडचं दार लावलं. एवढीच त्यांची शाबासकी.

तुमच्यापैकी कुणी अशा देशात राहत असाल जिथे हे कायदेशीर आहे, किंवा घरातलं कुणी रायफल नेमबाजीचा खेळ खेळत असेल, तर निवडताना एक साधी परीक्षा करा. दुकानात, रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून आणि टोक सुरक्षित दिशेला ठेवून, डोळे मिटा. ती खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीचं पूर्ण वर्तुळ समोर दिसलं, तर ती तुमच्या मापाची. वर्तुळ शोधावं लागलं तर माप चुकलं. मग ती तशीच धरून मिनिटभर उभे राहा. आधी डावा हात दुखला तर ती पुढे जड आहे. आणि शेवटी तिच्यावर जे जे बसवणार, ते सगळं लावून तोलायला सांगा. यादीतल्या आकड्यावर जाऊ नका.

आणि चालताना नळीत काडतूस नको, टोक कुणाकडे नको, समोरचं जनावर नक्की जनावर आहे याची शंभर टक्के खात्री झाल्याशिवाय बोट चापावर नको. माणसाला हरीण समजून गोळी घातल्याचे अपघात त्या देशात झालेले आहेत. हलक्या बंदुकीचा एक धोका असा की ती हातात आहे हे आपण विसरतो.

नव्या रायफलीने मी दोन महिने फक्त मैदानावर सराव केला. रिकाम्या बंदुकीने चाप ओढायचा आणि डोळा मिटतो का बघायचं. डोळा मिटायचा बंद झाला, तेव्हाच शेजाऱ्यांनी मला पुन्हा रानात नेलं. त्याच दरीत. पहिल्या दिवशी हरीण दिसलं ते तीनशे मीटरवर, वाऱ्यात. मी रायफल खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण नर शंभर मीटरवर आडवा उभा होता. मी बसलो, पिशवीवर रायफल टेकवली, श्वास सोडला. बार झाला तेव्हा माझे डोळे उघडे होते. तो जिथे उभा होता तिथेच पडला.

मला आनंद झाला असं म्हणणार नाही. सुटल्यासारखं वाटलं. त्याचं मांस आम्ही खांद्यावरून खाली आणलं, आणि तेव्हा कळलं की रायफलीचे वाचवलेले पावणेदोन किलो कशासाठी वाचवायचे असतात. मारलेलं जनावर तिथेच टाकून येणं, हेही आजोबांच्या हिशेबात पापच होतं.

आजोबांची ठासणीची बंदूक भलतीच जड होती. ती उचलायची म्हणजे दोनदा विचार करावा लागे, आणि बहुतेक वेळा ते हवेतच बार काढत. मला वाटतं, कुठलीही बंदूक निवडताना तोलाबरोबर तो दुसरा विचारही हातात राहिला पाहिजे. रायफल इतकी हलकी हवी की शेवटच्या चढावर हात कापू नयेत, आणि इतकी भारदस्त हवी की चाप ओढण्यापूर्वी ती आपल्याला थांबवू शकेल.